पंधरा मिनिटं

सरवटे स्टँडच्या मागं, लॉजच्या जिन्याखाली
अनारबाई पिशवी उघडते.
आत रजिस्टर, पाकिटं, आणि पेपरात गुंडाळलेला
तो लाकडी नमुना, ज्याला ती 'जावईबापू' म्हणते.

रजिस्टरात नाव नसतं. मी सत्तावीस.
"सत्तावीस, तारीख उलटली गं. बोट दे."

सुई टोचली की पंधरा मिनिटं.
तेवढा वेळ पट्टीकडे बघायचं नाही,
हा तिचा नियम. म्हणून ती भांडण उकरते:
पोह्यांवर जिरावण इतकं कमी का,
आणि गेल्या शनिवारी तो देवासचा ड्रायव्हर
पाकिटाशिवायचे दोनशे जास्त देत होता,
तेव्हा मी काय केलं?

काय करणार. खोलीचं भाडं थकलेलं.
आधी नोटांकडे बघितलं, मग दाराकडे.
"जा म्हटलं त्याला."
"लगेच?"
"लगेच नाही."

ती रागावत नाही. पाकिटं मोजते,
चाळीस,
थांबून आणखी दहा.

इतक्यात तिच्या मोबाइलात कोंबडा आरवतो.
रात्रीचे नऊ.
पदराच्या गाठीतली गोळी
ती माझ्याच कपातल्या चहाबरोबर गिळते.
सात वर्षं ओळखते तिला,
हा कोंबडा कशाचा, कधी विचारलं नव्हतं.

उरलेला चहा माझ्या हातात देते
आणि बघत राहते, मी पिते का.

पिते. तळाच्या साखरेपर्यंत.

पंधराची अठरा झाली.
पट्टी पायरीवर पडलीय, वर्तमानपत्राच्या तुकड्यावर.
जिन्यावरून कुणीतरी खाकरत उतरतंय.
"सरक जरा," ती म्हणते, "उजेड येऊ दे."