अकरावं

गोथेनबर्गला नोव्हेंबरात चारच्या आत दिवे लागतात.
गुनिल्ला बेटांच्या बोटींचं वेळापत्रक सांभाळते,
एर्लांगमध्ये, वीस वर्षं.

मॉड्यूलच्या दारावर तीनच नावं.
आत चौदा फंक्शनं, बाहेरून न दिसणारी,
दिलं तेवढंच घेणारी,
कुणाचं काही न बदलणारी.

नवा मुलगा इंग्वे म्हणाला, सगळीच उघडी करू,
चाचणीपुरती.
ती म्हणाली, झाकली मूठ राहू दे.
दारातून विचार. शितावरून भात कळतो.

कळतो.
पण बुडाशी लागलेला?

गेल्या महिन्यात घड्याळं मागे घेतली त्या रात्री
तिन्ही दारं हिरवीगार,
आणि ब्रेनोच्या धक्क्यावर एक बाई
टोपलीत मांजर घेऊन
दोनदा दोन वाजेपर्यंत उभी.

गुनिल्लाने मग मूठ सोडवली, बोट बोट.
अकरावं: उरलेली मिनिटं.
चार ओळी, त्यात एक वजाबाकी,
जिला कधी कुणी विचारलंच नव्हतं
आणि न विचारता बोलणं
तिच्या स्वभावातच नव्हतं.

इतकं विचारायचं होतं
तर आत कशाला ठेवलं आपण हिला?

उघडं नाही केलं तिनं ते.
उचलून शेजारी वेगळी खोली दिली,
स्वतःचं दार, दारावर नाव.

इंग्वेने सकाळी वेड्यावाकड्या वेळा
ओंजळीने आत ओतल्या.
सत्त्याहत्तराव्याला ते चुकलं, लालभडक,
सगळ्यांसमोर.

गुनिल्ला कॉफी आणायला उठली.
जाताना पडद्यावर
हलकेच टिचकी मारून गेली.