भाव शून्य असू शकत नाही

बर्फाच्या कारखान्यावर आमचं ऑफिस.
खाली लाद्या फोडतात, वर आम्ही कामं फोडतो:
मोठ्याचं लहान, लहानाचं दोन दिवसांत होईल एवढं.
फळ्यावर पिवळ्या चिठ्ठ्या. हर्णैची हवा अशी
की दुपारपर्यंत गोंद सुटतो
आणि 'झालं'मधली चिठ्ठी
'करायचं'च्या खाली पडलेली सापडते.
विघ्नेशने टाचण्या आणल्या. त्या गंजल्या.

मी प्रकल्प व्यवस्थापक, म्हणजे तारखांची राखणदार.
खऱ्या राखणदाराला वर्षाला नारळ तरी मिळतो.

पहिल्या दिवशी पाच टप्पे आखले,
प्रत्येकाला दार, दाराला कडी:
सही झाल्याशिवाय पुढे जायचं नाही.
मच्छीमार सोसायटीच्या चेअरमननी
बेचाळीस पानांवर बेचाळीस सह्या केल्या,
एकही पान न वाचता,
आणि विचारलं, "सोलकढी घेणार ना?"
हे मी इतिवृत्तात लिहिलं नाही.

मग पंधरवड्यामागून पंधरवडा.
सकाळी नऊला उभ्याने बैठक:
काल काय, आज काय, अडलंय कुठे.
तेजल चोगले म्हणाली, अडलंय भरतीमुळे,
वजनकाटा पाण्यात आहे.
जोखमींच्या यादीत भरती नव्हती.
लिहिली. जबाबदारी: मी.
उपाय: तिथी बघणे.

नाझनीन चाचणी करते.
नखांवर मेंदीचा जुना रंग, कोणावर विश्वास नाही.
वजनाच्या जागी तिने नाव घातलं,
नावाच्या जागी सुरमई,
तारीख एकतीस फेब्रुवारी.
सगळं अडलं, अडायला हवं तसं.
भावात शून्य घातला. लाल अक्षरं आली:
भाव शून्य असू शकत नाही.
चाचणी एकशे सतरा, पास.

तिसऱ्या दाराशी प्रात्यक्षिक. संध्याकाळचा लिलाव.
बैल छातीभर पाण्यात, गाड्यांवर टोपल्या,
आणि हरेश्वर पावसे, एकोणतीस वर्षं पुकारणारा,
हातात टॅब्लेट, दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला.
बांगडा चालला. पापलेट चाललं.
कोळंबीला नेट गेलं, आलं, नोंद टिकली.
विघ्नेशने हळूच मूठ वळली.

मग एक टोपली आली ती त्याने पुकारलीच नाही.
पायाने बाजूला सरकवली.
"ही लिवा. वजन लिवा, भाव नको."
का, हे तेजलने विचारलं नाही.
मी विचारलं.

"परत न आलेल्या होडीची. सात खलाशी.
ज्याला आज बरं गावलं
त्याच्यातली एक त्यांच्या घरांकडं जाते.
हिशेबात पायजे. उद्या कोण म्हणायला नको, दिली नाय."

त्याने शून्य दाबला.
लाल अक्षरं त्याने मोठ्याने वाचली,
सवयच ती, पुकारावं तशी:
भाव शून्य असू शकत नाही, एकवार.
भाव शून्य असू शकत नाही, दोनवार.
बंदरावर कोणी बोली वाढवली नाही.

परतताना तेजलला म्हटलं, तुला माहीत होतं.
ती चपलेतली वाळू झटकत होती.
"तुम्ही विचारलंत, लिलावात काय काय विकतात.
ही विकत नाहीत."

बदल-विनंती क्रमांक एक.
परिणाम: सहा दिवस, दोन तक्ते, एक अहवाल.
वरून फोन आला: तारीख हलणार नाही.
मी म्हटलं, दुसरं दार परत उघडते आहे.
कुठलं दार?
सगळ्या टप्प्यांचा तक्ता त्यांनीच मंजूर केला होता.
बहुधा सोलकढी पीत.

एकशे सतरा आता लाल आहे.
नाझनीनने अपेक्षित निकाल खोडला,
'कारण'च्या रकान्यात कर्सर लुकलुकतोय
आणि ती आजवर पहिल्यांदाच
काही टाइप करत नाहीये.
खाली लाद्या फोडताहेत.
एक चिठ्ठी पडली. उचलली.
गंजकी टाचणी अंगठ्याने दाबून
'करायचं'मध्ये लावली,
मुद्दाम.