मापाड्याचा जबाब

साहेब, मी चोपड्याच्या मार्केट यार्डात मापाडी.
एकतीस वर्षं.
पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही,
लाभ म्हणतो.
लाभ, दोन, तीन…
माझ्या बापानंही असंच मोजलं.

जागृती पिग्मीचे पैसे गोळा करायची.
पानटपरी, सायकलचं दुकान, शेवभाजीवाला.
कुणाचे दहा, कुणाचे पन्नास,
वहीत प्रत्येकाच्या नावापुढे तिची बारीक सही.
तो रोज वीस द्यायचा.
अनेरच्या पुलाजवळ त्यानं तिला गाठलं,
त्या दिवशीचेही वीस त्यानं भरले होते.
नोंद आहे. सही आहे.
पिशवीत नऊ हजार चारशे दहा होते.

त्याचे वकील म्हणाले, हा खटला विरळातला विरळ नाही.
असेल, त्यांनी पुष्कळ बघितले.
माझ्याकडे एकच होती.
त्याहून विरळ कसं असतं
ते कुणीतरी समजावून सांगा.

लोक विचारतात, फाशीनं पोरगी परत येईल का?
नाही येणार.
जन्मठेपेनं येते का?
मग हा प्रश्न फक्त मलाच का?

त्या रात्री पुतणे निघाले होते
पोती उचलायचे आकडे घेऊन.
मीच दारात आडवा पडलो.
म्हटलं, हे काम सरकारचं.
आकडे मोजून घेतले, सात,
आणि गव्हाणीखाली सरकवले.
ते काम मी तुमच्याकडे ठेव म्हणून ठेवलं, साहेब.
तेव्हा तुम्ही कुणी नको म्हणाला नाहीत.
आता मुदत भरली.
आता मी पावती दाखवतोय.

चूक झाली तर?
हा एक प्रश्न मलाही झोपू देत नाही.
काट्याचं दरसाल पासिंग होतं, शिक्का बसतो,
तरी दमट हवेत पाव किलो इकडेतिकडे होतंच.
म्हणून पुन्हा मोजा.
वरच्या कोर्टात मोजा, त्याच्या वरच्या कोर्टात मोजा.
पाच वर्षं तापीचा पूल ओलांडून
अमळनेरला येतोय, अजून येईन.
पण मोजून झाल्यावर
काट्याला हात लावू नका.

बायको एवढंच म्हणाली,
"त्यानी माय बी जित्ती शे. तिले काय सांगशी?"
मला सुचलं नाही.
कळण्याची भाकर ताटात तशीच राहिली.

फाल्गुनात त्याची आई आली. सुपडाबाई.
अडीच पोती दादर घेऊन, नेमकी माझ्या काट्यावर.
हमाल बाजूला झाले, बघत राहिले.
नुसतं बोट टेकवलं असतं
तर चार किलो गेले असते तिचे,
यार्डात कुणी ब्र काढला नसता.

मी बोट टेकवलं नाही.
बारदान वजा केलं तेवढंच जेवढं होतं.
खाली सांडलेली दादर झाडून घ्यायला लावली,
तिच्याच पोत्यात टाकली.
ज्याला सूड घ्यायचा असतो
त्याला एवढं जमत नाही, साहेब.
दुसऱ्याचं माप मी बुडवलं नाही,
म्हणून माझं मागतोय.

हिशोबाची पट्टी हातात घेताना
तिनं पहिल्यांदा वर बघितलं.
"भाऊ, मन्हा एकच पोऱ्या शे."

मी काही बोललो नाही.
पुढच्या शेतकऱ्याचा माल काट्यावर चढला.
पहिलंच पोतं.
तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून
"एक" गेलं.
हमाल चमकून बघायला लागले.
म्हाताऱ्या धुडकूनं घाईनं जमिनीला हात लावला
आणि माझ्यासाठी तोच म्हणाला,
लाभ.

माझं म्हणणं बदललेलं नाही.
लिहून घ्या.