एकोणचाळीस टिंब दहा

वही सर्वांसाठी खुली केली त्या रात्री
घराचं दार लावायचं राहिल्यासारखं वाटत होतं.
सगळं त्यात होतं: कच्चे आकडे, कोड, आलेख,
कोणत्या लायब्रऱ्या, कोणत्या क्रमानं चालवायचं.
फायलीचा पत्ता तेवढा बदलला. आधी तो होता
डी-ड्राइव्ह, सुवर्णा, शेवटचं, खरंच शेवटचं.

आकडे पंचगंगेचे.
बावड्याच्या बंधाऱ्यावर तातोबा नेजदारांनी
बॅटरीच्या उजेडात दर तासाला लिहिलेले,
आम्ही फक्त टंकले.
चौदाव्या खणात पाणी चढतं, चढतं,
आणि रात्री दोनला एकदम खाली.
त्या खड्ड्याखाली माझा परिच्छेद:
'तात्पुरता उतार', धरणाच्या दरवाज्यांचा हवाला देऊन.
दोन परीक्षकांनी वाचला. नेमका आहे म्हणाले.

नवव्या दिवशी पत्र आलं.
तस्नीम मुजावर, आंबेवाडी, बी.एस्सी. दुसरं वर्ष.
"मॅडम, तुमची वही माझ्याकडं चालली.
दोन लायब्रऱ्या जुन्या घालाव्या लागल्या, पण चालली.
आलेख हुबेहूब तुमच्यासारखा आला,
म्हणूनच विचारते.
त्या रात्री दोनला आम्ही म्हशी सोडत होतो,
पाणी उंबऱ्यावरून आत येत होतं.
उतरलं कुठं?"

मूळ पान काढलं.
एक वाजता ३९.९
दोन वाजता ३९.१०
तीन वाजता ३९.११
चारला ४०, पुढं शाई फुटलेली.

बावड्याला गेले. तातोबा कट्ट्यावर शेंगा फोडत बसलेले.
"त्ये टिंब व्हय? फूट संपला, इंच लागला.
बारा इंचाचा फूट असतोय, बाई.
दहाचा कुणी केला?"

मी. तिसऱ्या खणात, एका ओळीत.
शेंगा पुढं सरकवल्या त्यांनी. मी खाल्ल्या.

परत येऊन ती ओळ बदलली,
वरपासून खालपर्यंत सगळं पुन्हा चालवलं.
रेघ दोनलाही चढतच राहिली,
तस्नीमच्या उंबऱ्यावरून आत.
परिच्छेद पुसला नाही. आडवी रेघ मारली,
खालचं वाचता येईल अशी,
शेजारी तारीख, आणि तिचं नाव.
परीक्षकांना लिहायचं पत्र
अजून मसुद्यात पडून आहे.

पहिल्याच खणात आता हे आहे:
उंची फूट आणि इंचांत. टिंब म्हणजे दशांशचिन्ह नव्हे.
शंका आली तर बावड्यात विचारा,
तातोबा दुपारी घरी असतात.