घनता

रस्ता एकच, तोही सरळ नाही.
डावीकडे घरं, उजवीकडे पेइपसी.
तळं म्हणायचं, पण पलीकडचा काठ दिसत नाही;
तिथे रशिया आहे, असं सगळे सांगतात.

शिरगणतीला आली उर्वे, तालुक्याहून, पातळ बुटांत.
फेव्रोनियाने तिला आधी कांद्याच्या वाफ्यांमधून नेलं:
पाय जपून टाक, बाई, हे आमचं क्षेत्रफळ.
एप्रिलात बर्फ फुटतो, वारा त्याला रेटत आणतो,
घरावर घर रचावं तसा काठावर चढतो
आणि जाताना काहीतरी घेऊन जातो.
गेल्या खेपेला कुंपण, यंदा झिनोवीची
मासे धुरवायची खोपी.

आणि झिनोवी?

तो लेकीकडे, तार्तूला. लिफ्ट आहे म्हणे तिथे.

मग चहा. बशीत ओतून,
साखरेचा खडा दाढेत धरून.
माणसं चौदा, हिवाळ्यात अकरा.
होड्या नऊ, पैकी तरंगणाऱ्या चार.
मूल एक, तेही सुट्टीपुरतं;
पण त्याने हट्टाने स्वतःचं नाव लिहायला लावलं,
वडिलांच्या नावासकट.

कचेरीत रात्री उर्वेने भागाकार केला.
जमीन कमी झालेली, माणसं कमी झालेली,
दर चौरस किलोमीटरला उत्तर
दहा वर्षांपूर्वीचंच.
रकान्यात तिने लिहिलं: बदल नाही.

पिशवीतून वास येत होता.
न विचारता कोंबलेली कांद्यांची माळ.
सतरा.
का कोण जाणे, तिने ते दोनदा मोजले.