ट्रंक कॉल

तपासणीआधी पाच शब्द दिले त्या पोरीनं :
कंदील, चिंच, पूल, पिवळा, मावशी.
"लक्षात ठेवा आजी, नंतर विचारीन."
मग काट्यावर उभं केलं.
शहाण्णव पूर्णांक चार.
हा आकडा मात्र न सांगता लक्षात राहतो.

एरंडवण्यातला दवाखाना, दुसरा मजला, लिफ्ट बंद.
अक्कल खरंच गुडघ्यात असती
तर माझी केव्हाच झिजून गेली असती.

कमरेला टेप पुरली नाही.
पोरगी ओशाळली, मी नाही.
शंभरातून सात-सात वजा करा म्हणाली.
त्र्याण्णव. शहाऐंशी.
पुढं कुणीतरी कॉर्ड ओढून काढली.

तीस वर्षं बाजीराव रोडच्या एक्स्चेंजला होते मी.
लक्ष्मी रोडचा सराफ नुसतं "हां, बोला" म्हणाला
की त्याचा नंबर बोटांत यायचा.
रात्रपाळीला पहाटे तीनला भूक नसायची,
झोप असायची.
झोपेला आम्ही फरसाण घालायचो.

डॉक्टर गोगावले कागदावर चित्र काढून सांगतात.
चरबी नुसती बसून नसते म्हणे,
सारखी बोलत असते वर, डोक्याशी.
पुरे, असं कळवते ती.
पण इतक्या वर्षांच्या हाकांनी
तिकडचे कान बधिर झालेत,
आणि आठवण ठेवायच्या जागेलाही
थोडी झळ लागली असेल.
"असेल," दोनदा म्हणाले. बरा माणूस.

मला चित्र नको होतं.
ओल धरलेली लाईन मला ठाऊक आहे :
इकडून माणूस ओरडतोय, आई गेली, निघून ये,
तिकडून नुसतं हॅलो, हॅलो.
मग आम्हीच मध्ये बसून
एकेक शब्द पलीकडे पोचवायचो.

आता मध्ये कोण बसणार?

"शब्द आठवतात, आजी?"
कंदील. चिंच,
तिला कशी विसरेन, तोंडाला पाणी सुटलं होतं.
पिवळा. मावशी.
एक जिभेवर आहे, म्हटलं.
जिभेवर तर काय काय येऊन गेलं आजवर.
ती थांबली. घड्याळाकडे बघितलं नाही तिनं.

खाली रिक्षा मिळाली.
"कुठून घेऊ, नवी पेठेत?"
म्हात्रे पुलावरून घ्या, म्हटलं.

निम्म्यात आल्यावर हसू फुटलं.
रिक्षावाला आरशातून बघत राहिला.
वर फोन करून सांगावं त्या पोरीला,
पाचवा लागला म्हणून.

नंबर घ्यायचाच राहिला.