पंचेचाळीस

आठ महिने खेकड्यांच्या कारखान्यात
बर्फात हात घालून नांग्या वेगळ्या केल्या,
त्यातून हे कार्ड आलं.
करमुक्त बाजारातल्या तिसऱ्या गल्लीतून
कोटाच्या आत धरून आणलं,
कारण पुंता अरेनासमध्ये त्या दिवशी वारा असा
की पालिकेने चौकात दोर बांधले होते
माणसांना धरून चालायला.

खोक्यात ते मावेना.
हार्ड डिस्कचा पिंजरा काढला, एक पत्रा वाकवला.
आई दारातून म्हणाली, नाकापेक्षा मोती जड.

मग खेळ लावला. नेहमीचाच,
रात्रीच्या जंगलातून गाडी पळवण्याचा.
कोपऱ्यात आकडा: सेकंदाला पंचेचाळीस फ्रेम.
जुन्या कार्डावरही पंचेचाळीसच होत्या.

ड्रायव्हर पुसला, नवा टाकला.
केबल पाहिली. कार्डालाच होती,
इतकी बावळट नाही मी.
चित्राचा दर्जा तळाला नेला:
पानं गेली, सावल्या गेल्या,
रस्त्याचा नुसता राखाडी पट्टा उरला.
पंचेचाळीस.
सगळं वर चढवलं:
फांदीफांदीवर वेगळा बर्फ.
ये रे माझ्या मागल्या, पंचेचाळीस.

तापमान एक्केचाळीस अंश.
कार्ड जेमतेम तीस टक्के राबत होतं,
एखाद्या धडधाकट माणसाला
दारात बसवून मटार सोलायला द्यावेत तसं.

येर्कोला बोलावलं. तो बंदरावर क्रेनची वायरिंग बघतो.
पणजोबांनी क्रोएशियाहून आणलेला हट्ट
अजून त्याच्या हनुवटीत आहे.
मी म्हटलं, प्रोसेसर म्हातारा झालाय, तोच मागे ओढतोय,
म्हणजे आणखी एक हंगाम खेकडे.
तो आकड्याकडे बघत माते पीत राहिला, बराच वेळ.
मग म्हणाला,
"म्हातारा चालताना अडखळतो.
हा अडखळतच नाही.
दम कमी पडत असता तर आकडा हलला असता.
न हलणारा आकडा म्हणजे
कुणाचा तरी हुकूम."

कुणाचा?
मशीन माझं. पासवर्ड माझा.

खेळाच्या फोल्डरात एक साधी मजकुराची फाइल,
तिच्यात एकोणिसाव्या ओळीवर, मर्यादा: ४५.
फाइल शेवटची बदललेली सहा वर्षांपूर्वी,
जुलैत, रात्री अकराला.

तेव्हा प्लायवूडच्या पलीकडे फर्मिन झोपायचा.
पहाटे चारला त्याची बोट सुटायची.
जुन्या कार्डाचा पंखा
दळण दळल्यासारखा घरघरायचा,
आणि एका रात्री पलीकडून आवाज आला,
रागाचा असता तर मी भांडले असते,
"बंद नको करू, नेल्दा. जरा हळू."

मी हळू केलं.
आणि हळू केलंय हे विसरले.
तो उत्तरेला गेला, कालामाला, तांब्याच्या खाणीत.
प्लायवूड काढून आईने तिथे शिवणयंत्र मांडलं.
कार्ड बदललं, पंखा बदलला,
एकोणिसावी ओळ तेवढी
अंथरुणात नसलेल्या माणसाची झोप
राखत बसली.

येर्को म्हणाला, काढ ना.
काढते, म्हटलं. आधी माते ओत.

काढली.
एकशे अडतीस, एकशे एकतीस, एकशे चाळीस,
आकडा एका जागी ठरेना.
आणि पंखा? कान लावला तरी काही नाही.
शिवणयंत्राच्या झाकणावर मांजर झोपलं होतं,
त्याने मिशीसुद्धा हलवली नाही.

फर्मिनला लिहायला घेतलं,
नव्याचा आवाजच होत नाही रे.
अर्ध्यावर सोडलं. त्याची पाळी चालू असणार.

चालव आता, येर्को म्हणाला.
पहिल्याच वळणावर झाडाला धडकले.
सहा वर्षं पाठ असलेलं वळण.
तो हसला, मी नाही.
मी खोडावरची साल बघत होते.